पबमध्ये अप्रेंटिस लागताय? पहिल्या कागदापासून रात्रीच्या क्लोजिंगपर्यंत

रिझल्ट लागले की हॉटेल मॅनेजमेंटची पोरं-पोरी अप्रेंटिस म्हणून येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, काउंटरला कधी उभं करणार?" डोक्यात शेकर फिरवणारा बारटेंडर असतो. मग कागद अर्धवट राहतात, स्टोअर बघितलेलं नसतं, ग्लास धुणं कमीपणाचं वाटतं आणि तिसऱ्या महिन्यात स्टॉक जुळला नाही की रडवेला चेहरा घेऊन ऑफिसच्या दारात उभे. चुका सगळ्यांच्या त्याच, कारण सगळे उलट्या क्रमाने शिकायला जातात. खाली क्रम देतोय तो मागून पुढे येणारा आहे: कागद, स्टोअर, ग्लास, टेबल आणि मग काउंटर.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. कोल्हापुरात बोर्डावर पब लिहा, लाउंज लिहा नाहीतर गार्डन रेस्टॉरंट, परवाना बहुतेक वेळा परमिट रूमचाच असतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या, म्हणजे आपल्या बोलीत एक्साईजच्या लेखी तिथला प्रत्येक थेंब हिशोबाचा आहे. तुम्ही शिकायला आलाय ते हॉटेल आणि तो हिशोब, दोन्ही.

१. युनिफॉर्मच्या आधी कागद

आपण नक्की कोण आहोत हे ठरवून घ्या. कॉलेजचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग वेगळं आणि अप्रेंटिसशिप वेगळी. ट्रेनिंगला कॉलेजचं पत्र पुरतं. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली येते आणि तिथे लेखी करार लागतो. तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि त्याला क्रमांक असतो. तो क्रमांक हातात नसेल तर मालक तोंडाने काहीही म्हणो, तुम्ही अप्रेंटिस नाही, बिनपगारी हेल्पर आहात.

करार हातात आल्यावर या क्रमाने बघा:

१. नाव. आधारवर, मार्कशीटवर आणि बँक पासबुकावर नाव अक्षरशः एकच हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावर अर्ज अडकतात.

२. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत ठरलेल्या स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, सरकारकडून थेट तुमच्या खात्यात येतात. बाकीचे हॉटेल देतं. खातं जोडलेलं नसेल तर सरकारी हिस्सा लटकतो आणि मुलं विनाकारण मॅनेजरशी भांडत बसतात.

३. कालावधी, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी. अप्रेंटिसला ओव्हरटाईम लावायचा असेल तर सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते. "शनिवारी जरा थांबावं लागतं" या वाक्यातला 'जरा' म्हणजे किती, हे आधीच विचारा.

४. नोकरनामा. दारूच्या परवान्यावर काम करणाऱ्यांची एक्साईजकडे नोंद होते, तिला नोकरनामा म्हणतात. बाटलीला हात लावण्याआधी तुमच्या नावाचा नोकरनामा झालाय का, हे मॅनेजरला स्पष्ट विचारा. वयाचा पुरावा आणि फोटो त्यासाठी तयार ठेवा.

५. वैद्यकीय तपासणी. अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉईडची लस हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. फाईलला प्रमाणपत्र लावलंय का बघा.

मुलींनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. रात्री साडेनऊनंतर काम असेल तर तुमची संमती आणि सुरक्षेची सोय दोन्ही लागतात, म्हणजे घरापर्यंत सोडायची गाडी कोणती आणि सोबत कोण असेल हे आधी ठरलं पाहिजे. आणि लैंगिक छळाविरोधातली अंतर्गत समिती कुठे आहे, तिच्यात कोण आहे. २०१३ च्या त्या कायद्यात अप्रेंटिसही कर्मचारीच धरले आहेत, त्यामुळे "तू तर शिकाऊ" हे उत्तर चालत नाही.

*सावधान:* मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. मी स्वतः दिली होती. जागा सोडल्यावर ती परत मिळवायला चार महिने चकरा मारल्या. झेरॉक्स द्या, मूळ कागद दाखवा आणि परत घ्या.

२. बूट, वही आणि घरी जायची सोय

हे थोडक्यात. काळे, पुढून बंद, न घसरणारे बूट. कोल्हापुरी चप्पल कितीही नादखुळा असली तरी चामड्याचा तळ ओल्या फरशीवर बर्फासारखा सरकतो. दोन पेन, खिशात मावेल अशी वही, बाटली ओपनर आणि कॉर्क काढायचा घडीचा ओपनर. नखं कापलेली, अत्तर बेताचं. वाईन देताना गिऱ्हाइकाला तुमचा परफ्यूम येता कामा नये.

आणि परतीचं बघा. उजळाईवाडी किंवा शिरोलीकडून राजारामपुरीत यायला रात्री क्लोजिंगनंतर केएमटीची बस नसते, वडापची शेअर जीपही नसते. पहिल्याच रात्री हायवेवर उभं राहून मित्राला उठवण्यापेक्षा, त्याच बाजूला राहणारा स्टाफमधला कोण आहे हे मुलाखतीच्या दिवशीच विचारून ठेवा.

३. पहिले पंधरा दिवस: स्टोअर आणि ग्लास

इथेच पोरं नाराज होतात, आणि खरं शिक्षण इथेच असतं.

*स्टोअर.* माल आला की तीन कागद एकमेकांना लावून बघायचे: तुम्ही दिलेली ऑर्डर, व्यापाऱ्याचं बिल आणि एक्साईजचा वाहतूक पास. मग पेट्या मोजा. बिअरच्या ६५० मिलीच्या पेटीत १२ बाटल्या, ७५० च्या खंब्याच्या पेटीतही १२, क्वार्टरच्या पेटीत ४८. पेटी बंद दिसली म्हणून पूर्ण धरू नका. उचलून हलवा, ओल लागली की खाली एक फुटलेली असतेच. फुटकी बाटली गाडीवाल्यासमोर बाजूला काढून बिलावर लिहून घ्या. गाडी गेली की ती तुमची.

नवीन माल मागे, जुना पुढे. ऐकायला सोपं आहे, पण घाईत सगळे पुढच्या मोकळ्या जागेत नवीन पेटी सारतात आणि तीन महिन्यांनी मागून तारीख उलटलेली बिअर निघते. बिअर व्हिस्कीसारखी टिकत नाही. बाटलीवरची तारीख बघूनच ती फ्रिजमध्ये भरायची.

*ग्लास.* एक प्रसंग सांगतो. एका उन्हाळ्यात गिऱ्हाईक सारखं तक्रार करायचं, बिअरला फेस टिकत नाही, माल जुना आहे. आम्ही बॅच बदलली, फ्रिजचं तापमान बघितलं, कंपनीच्या माणसाला बोलावलं. तरी तेच. शेवटी भांडी घासणाऱ्या मामांनी दाखवलं. तांबड्या रश्शाच्या वाट्या आणि बिअरचे मग एकाच टाकीत, एकाच घासणीने धुतले जात होते. रश्श्याचा कट म्हणजे तेल, आणि तेलाचा पापुद्रा फेसाचा जीव घेतो. डोळ्याला ग्लास चकाचक दिसतो, पण तो स्वच्छ नसतो. त्या दिवसापासून ग्लासची टाकी वेगळी, घासणी वेगळी, पुसायचं कापडही वेगळं. फेस परत आला.

तपासायची पद्धत अशी: धुतलेला ग्लास पाण्यात बुडवून वर काढा. पाणी आतून एकसंध पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ. थेंबाथेंबाने, तुटक तुटक चिकटून राहिलं तर तेल आहे, परत धुवा. पंधरा दिवसांत हे डोळ्यात बसलं पाहिजे.

*तपासा:* पुढच्या टप्प्याला जाण्याआधी वही न बघता सांगता येतं का, स्टोअरमध्ये कोणती बाटली कुठल्या फळीवर आहे, आणि रोज साधारण किती पेट्या फ्रिजला लागतात? येत नसेल तर अजून आठवडाभर मागेच थांबा.

४. शटर उघडण्याआधीची मांडणी

वेळ कमी असतो म्हणून क्रम पक्का ठेवा.

१. आधी फ्रिज. बिअर गार व्हायला तास लागतात, बाकी सगळं मिनिटांचं काम आहे. काल रात्री भरायची राहिली असेल तर आल्या आल्या भरा. उशीर झाला म्हणून बाटल्या डीप फ्रीझरमध्ये टाकू नका. विसरलात की गोठून फुटतात.

२. बर्फ. स्कूपनेच काढायचा. ग्लासने बर्फ उपसायची सवय अनेकांना असते. ग्लासची कड तुटली तर काच आणि बर्फात फरक दिसत नाही. तसं झालंच तर अख्खी पेटी रिकामी करायची, गरम पाण्याने धुवायची, नवीन बर्फ भरायचा. "वरचा थर काढला की झालं" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

३. लिंबू, काकडी, कांदा, मसाला पापडाचं साहित्य, उकडलेले चणे, शेंगदाणे. चाकू ताजा धुतलेला. लिंबाच्या चकत्या लागतील तेवढ्याच. सकाळी कापलेली लिंबं रात्री दहाला कडू लागतात.

४. साईड स्टेशन: नॅपकिन, टूथपिक, ॲशट्रे, बिलाचे फोल्डर, पाण्याच्या बाटल्या. ॲशट्रे सगळ्या टेबलांवर नाही, फक्त स्मोकिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या जागेत.

५. ब्रीफिंग. आज काय नाही, हे आधी विचारा. पांढरा रस्सा किती वाजेपर्यंत, मटण सुक्कं किती प्लेट, कोणता ब्रँड संपलाय. गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतल्यावर दहा मिनिटांनी "संपलंय" सांगण्यासारखं वाईट काही नाही.

*कॅलेंडर भिंतीवर लावा.* २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे ठरलेले. मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. विसर्जन किंवा स्थानिक कारणाने जिल्हाधिकाऱ्यांचा वेगळा आदेश निघू शकतो, तो मॅनेजरकडून लेखी बघा. आणि आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, ही कोल्हापूरकरांची अलिखित परीक्षा. त्या दिवशी फ्रिज दुप्पट भरलेला हवा आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून मटणाची ऑर्डर हात राखून द्यायची. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा मोठा सामना असेल तर संध्याकाळी घोळकेच्या घोळके येतात. दोन तालमींच्या संघांचे समर्थक शेजारच्या टेबलांवर बसवायचे नाहीत, एवढं तरी कोल्हापुरात जन्मलेल्याला शिकवायला लागू नये.

५. टेबलावर

इथून पुढे चुका गिऱ्हाइकासमोर होतात.

*वय आणि परवाना.* महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ वर्षं, व्हिस्की-रमसारख्या हार्ड ड्रिंकला २५ वर्षं. पिणाऱ्याकडे परवाना लागतो, एक दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांचा असतो. कोवळा चेहरा दिसला की ऑर्डर घेण्याआधी आधार किंवा लायसन्स मागा. पेग ओतून झाल्यावर मागितलं तर भांडण होणारच. "दादा, नियम आहे, कॅप्टन विचारतात, ओळखपत्र दाखवता का?" असं म्हटलं की बहुतेकजण दाखवतात. नाही म्हणाले तर स्वतः वाद घालू नका, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, बोलवा.

*ऑर्डर.* लिहा आणि परत वाचून दाखवा. चार गोष्टी आल्याच पाहिजेत: ब्रँड, स्मॉल की लार्ज, सोबत काय, किती. "दोन आरसी" (रॉयल चॅलेंज व्हिस्की) एवढं लिहून गेलात तर बारवाला स्मॉल ओतणार की लार्ज? स्मॉल ३० मिली, लार्ज ६० मिली. पुढच्या हिशोबात दिसेलच की हा एक शब्द किती महाग पडतो.

दारूची स्लिप बारला, जेवणाची किचनला. दोन्ही वेगळ्या आणि दोन्हींवर टेबल नंबर. तोंडी ऑर्डर नाही, कुणाचीच नाही. मालकाचा मित्र असला तरी स्लिप फाटलीच पाहिजे. पैसे घ्यायचे नसतील तर ते मॅनेजर बिलावर लिहील, तुम्ही ठरवायचं नाही.

*बाटली.* बंद बाटली किंवा क्वार्टर मागवला असेल तर सील गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्यासमोर फोडा. उघडी बाटली टेबलावर आली की शंका आलीच, आणि ती शंका रास्त असते.

*जेवण कधी लावायचं.* बाहेरगावच्या हॉटेलांत शिकून आलेले इथे हमखास फसतात. आपल्याकडे गिऱ्हाईक दोन तास स्टार्टरवर बसतं आणि मग एकदम म्हणतं, "चला, जेवण लावा." भाकरी गरम हवी, तांबडा-पांढरा वाफाळता हवा. म्हणून जेवणाची ऑर्डर घेऊन ठेवली तरी किचनला स्लिप लगेच द्यायची नाही. शेवटचा पेग अर्ध्यावर आला की जवळ जाऊन विचारा, "साहेब, भाकरी टाकायला सांगू का?" हो म्हटल्यावर स्लिप. आधी दिलीत तर भाकरी वातड, नंतर दिलीत तर गिऱ्हाईक टेबल वाजवायला लागतं.

*तपासा:* दर वीस मिनिटांनी आपल्या टेबलांवर नजर: रिकामे ग्लास, भरलेली ॲशट्रे, पाणी, आणि कुणाचा आवाज चढलाय का.

६. 'आता बास' कसं म्हणायचं

हे अप्रेंटिसने एकट्याने करायचं काम नाही, पण पहिल्यांदा लक्षात येतं ते टेबलाजवळच्यालाच. शब्द अडखळणं, तीच गोष्ट परत परत सांगणं, शेजारच्या टेबलाशी विनाकारण बोलणं, ग्लास ठेवताना अंदाज चुकणं. यातलं काही दिसलं की:

१. कॅप्टनला हळूच सांगा. गिऱ्हाइकासमोर खुणा करू नका.

२. पुढची ऑर्डर हळू आणा, मध्ये पाणी आणि खायला ठेवा.

३. त्याच टेबलावरचा शुद्धीत असलेला मित्र शोधा. "दादांना आता गरम जेवण देऊया का?" हे त्याला विचारा, पिणाऱ्याला नाही.

४. 'तुम्हाला चढलीय' हे शब्द तोंडातून कधीच काढायचे नाहीत. "काउंटर बंद व्हायला आलंय, जेवण लावतो" पुरतं.

५. गाडीची किल्ली. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. रिक्षा बोलावून द्या, गाडी पार्किंगमध्ये राहू दे, नंबर वॉचमनला लिहून द्या.

*सावधान:* हाणामारी सुरू झाली तर मध्ये पडू नका. टेबलावरच्या बाटल्या आणि काचेचे मग जमले तर उचला, मागे व्हा. पोलिसांना फोन करणं मॅनेजरचं काम. आणि काच लागून टाके पडलेच तर घटनेची नोंद त्याच रात्री वहीत करून घ्या. कामावर झालेल्या इजेची भरपाई अप्रेंटिसलाही लागू आहे, पण नोंद नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

७. आता काउंटर

आलात. पण पहिला महिना हातात शेकर नाही, पेग मेजर.

मेजर सपाट धरा, काठोकाठ भरा, मग ओता. अंदाजाने ओतणारे जुने बारटेंडर दिसतील, त्यांचा हात बसलेला असतो. तुमचा नाही. खात्री करायची असेल तर रिकाम्या बाटलीत पाणी भरा, अंदाजाने दहा स्मॉल ओता आणि मोजपात्रात मोजा. ३०० मिली यायला हवं. बहुतेकांचं त्याच्या बरंच वर जातं. पेगमागे पाच मिली जास्त गेले तरी ७५० च्या बाटलीतून २५ ऐवजी २१ पेग निघतात. चार पेग गेले कुठे, हे मालक विचारणारच.

ड्राफ्ट बिअर असेल तर नळ पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की नुसता फेस येतो. ग्लास तिरका धरून सुरुवात करायची, अर्धा भरला की सरळ करायचा, नळाचं तोंड बिअरला लागू द्यायचं नाही. पाईप दोन आठवड्यांच्या आत केमिकलने धुतलेच पाहिजेत आणि धुतल्यावर साध्या पाण्याने पूर्ण खळखळून काढायचे. पहिला ग्लास गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, वास घेऊन बघायचा. कार्बन डायऑक्साईडचा सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला. छोट्या बंद खोलीत गॅस गळत असेल आणि डोकं जड वाटलं तर आधी बाहेर या, मग सांगा.

कॉकटेल शिकवतील तेव्हा शिका. ते सगळ्यात सोपं आहे, खरं सांगतो.

८. स्टॉक: ज्यावर खरी परीक्षा होते

रोज रात्री एकेका ब्रँडचा हिशोब. पद्धत एकदा हाताने शिका, सॉफ्टवेअर नंतर. उदाहरण घेऊ, एका व्हिस्कीचं, सगळं स्मॉल पेगमध्ये मोजून:

सुरुवातीला ३ बंद बाटल्या आणि एका उघड्या बाटलीत १२ पेग. ३ गुणिले २५ म्हणजे ७५, अधिक १२, एकूण ८७.
स्टोअरमधून आल्या ६ बाटल्या, म्हणजे १५०. झाले २३७.
रात्री शिल्लक ५ बंद आणि उघड्या बाटलीत ९, म्हणजे १३४.
गेले १०३ पेग. स्लिपांवर विक्री दिसते १०१.

दोन पेग कमी. आता पोरं काय करतात? उघड्या बाटलीत ९ ऐवजी ११ लिहून मोकळी होतात. हे करायचं नाही. उद्या फरक चारचा होईल, परवा सहाचा, आणि एक्साईजचे साहेब रजिस्टर घेऊन प्रत्यक्ष बाटल्या मोजायला लागले की उत्तर नसेल.

शोधा कसं:

१. फरक लहान असेल तर आधी लार्ज-स्मॉलची चूक बघा. एका लार्जच्या जागी स्मॉल लिहिला गेला की एक पेग कमी दिसतो. दोन वेळा झालं की दोन. गर्दीच्या वेळी लिहिलेल्या स्लिपा परत वाचा.

२. सांडलेला, परत आलेला पेग वहीत लिहिलाय का?

३. मॅनेजरने बिनपैशाचा दिलेला पेग बिलावर आहे का?

४. शेजारच्या ब्रँडमध्ये दोन पेग जास्त दिसतायत का? मग बाटली चुकून उचलली गेली, रक्कम तिकडे आहे.

५. उघडी बाटली डोळ्याने मोजली होती का? स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. त्याच ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं वजन वजा करा, उरलेल्या ग्रॅमना ०.९५ ने भागा, साधारण मिली मिळतात. ३० ने भागलं की पेग. डोळ्याने मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तरीही जुळलं नाही तर जेवढं आहे तेवढंच लिहा, फरक वेगळा लिहा आणि मॅनेजरची सही घ्या. एक्साईजच्या रजिस्टरवर तुम्ही स्वतः सही करू नका, ती जबाबदारी परवानाधारकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची. तपासणीला अधिकारी आले तर नमस्कार करा, बसायला द्या, मॅनेजरला बोलवा. अंदाजाने उत्तरं देऊ नका.

*सावधान:* एका ब्रँडच्या बाटलीत दुसऱ्याचं ओतायला, पाणी घालायला, रिकाम्या बाटल्या बाहेर द्यायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. त्यात अडकला तर "मला सांगितलं होतं" हे कुणी ऐकत नाही.

९. बिल आणि क्लोजिंग

बिलात दोन करांची गल्लत होते. जेवणावर जीएसटी ५ टक्के, दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर व्हॅट. म्हणून दोन्ही भाग वेगळे छापले जातात. गिऱ्हाइकाने विचारलं तर एवढं सांगता आलं पाहिजे. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात चढवता येत नाही, २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना स्पष्ट आहेत. बिल वेगवेगळं हवं म्हणून टेबल सांगत असेल तर ऑर्डर घेतानाच विचारा. शेवटी सहाजणांत बिल फोडायला बसलात की अर्धा तास जातो.

यूपीआयचा स्क्रीनशॉट बघून समाधान मानू नका. साउंडबॉक्स बोलला पाहिजे किंवा मशीनवर नोंद दिसली पाहिजे.

क्लोजिंगचा क्रम: परवान्याच्या वेळेआधी शेवटची ऑर्डर जाहीर, मग बिलं, मग उघड्या बाटल्यांची मोजणी, मग रोकड आणि कार्ड मशीनचा जमाखर्च, मग फ्रिज भरणं, मग फरशी. फ्रिज भरणं फरशीच्या आधी, कारण पेट्या ओढताना फरशी परत घाण होते. नवीन मुलं हे उलटं करतात आणि दोनदा पुसतात.

घरी जाण्याआधी लॉगबुक. रोज चार ओळी: आज काय केलं, काय चुकलं, कुणी शिकवलं, कुठला फरक निघाला. आठवड्याला सुपरवायझरची सही. महिनाअखेरीस बसून तीस दिवस एकाच पेनने लिहिणारे लगेच ओळखू येतात, शाई एक, अक्षर एक आणि रोज 'सर्व्हिस केली' हेच वाक्य. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत एका दिवशी एवढंच होतं: "टेबल सात, लार्ज लिहायचा राहिला, एक पेग कमी, स्लिप ११४ मध्ये सापडला." मी त्याच पानावर सही केली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला काउंटरला घेतलं.

शेवटी गॅसचा मुख्य नळ, सिलिंडरचा व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट, डीप फ्रीझर चालू आहे का, मागचं दार. किल्ली ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्या, वॉचमनच्या टेबलावर ठेवून निघू नका.